वाट चुकल्याचं पान

मी खोटं बोलले. तेही ऐंशीच्या पुढच्या एका म्हातारीशी, आणि लोक चपला काढून उभे राहतात अशा जागी. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला, सहलीच्या बसने आम्हाला दोन तास मोकळं सोडलं होतं. बरोबरच्या बायका कोदाँच्या बाजारात डोडोच्या बाहुल्या आणि व्हॅनिलाच्या शेंगा घ्यायला पांगल्या. मी एकटीच उन्हातून चालत आप्रवासी घाटावर आले, कराराने आणलेले हिंदी मजूर जिथे जहाजांतून उतरत त्या जागी. शेजारच्या रस्त्यावरून गाड्या सुसाट जात होत्या. आतमध्ये मात्र काळ्या दगडांचे बुटके अवशेष, कुठे नुसती जोती, कुठे अर्ध्या भिंती, आणि त्या पायऱ्या. घरून फोन आला म्हणून मी जरा बाजूला उभी राहून गॅस, दूधवाला आणि कुंड्यांना पाणी यांची चौकशी करत होते. फोन ठेवला तर समोर एक चाळिशीची बाई उभी. म्हणाली, "क्षमा असावी. आपण महाराष्ट्रातून आलात काय?"

असं मराठी मी शाळा सुटल्यापासून ऐकलं नव्हतं. ती मराठीची शिक्षिका होती. मॉरिशसच्या शाळेत शिकवते म्हणाली. 'कोठून', 'येथे', 'तेथील' असं सगळं नीट, छापील, शब्द एकमेकांना धक्का न लावता रांगेत उभे. तिची आई मात्र क्रिऑल, म्हणजे तिकडची बोलीभाषा, बोलत होती. मराठी तिला आरतीपुरतंच येत होतं. फुलाफुलांचा फ्रॉक, कपाळावर कुंकू, हातात काळी पर्स. ती सगळ्यात खालच्या पायरीशी वाकली, तळवा दगडावर टेकवला आणि तोच तळवा कपाळाला लावला. मग मुलीला काहीतरी विचारलं. मुलीने मला सांगितलं, "आई विचारते आहे, येथे आमचे लोक ज्या पायऱ्यांवर उतरले, त्या ह्या. मग मुंबईत ते ज्या पायऱ्यांवरून जहाजावर चढले, त्या कोठे आहेत?"

मी म्हणाले, "गेटवे ऑफ इंडिया."

एक क्षणही न थांबता म्हणाले. म्हातारीला भाषांतर लागलं नाही. 'गेटवे' ऐकून तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिने ते चित्रात पाहिलं असणार, कुठल्यातरी कॅलेंडरवर, नाहीतर सिनेमात. तिने हात जोडले. मला की गेटवेला, ते कळलं नाही, पण मी ते दोघांच्या वतीने घेतले आणि बसच्या वेळेचं कारण काढून सटकले.

गेटवे १९२४ साली पूर्ण झालं. १९११ साली राजा पंचम जॉर्ज मुंबईला उतरला त्याची आठवण म्हणून ते बांधलं, हे मला चांगलं ठाऊक आहे. जन्म गिरगावातला, चौथीपासून दर वर्षी पाहुण्यांना तिथे नेऊन हीच टेप वाजवत आले आहे. म्हातारीचे पूर्वज मॉरिशसला गेले त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्या कमानीचा पहिला दगड बसला. राजाच्या स्वागताची कमान मी कुलींच्या निरोपाला उभी केली. एवढं धडधडीत खोटं का बोलले, याचा विचार करत मी परतीच्या विमानात जेवणाचा ट्रे तसाच ठेवला. अज्ञान लपवायला? तेही होतंच. पण खरं म्हणजे लाज वाटली. तिच्या बाजूला अख्खा घाट होता. माझ्या बाजूला काहीच नव्हतं, आणि 'काहीच नाही' असं त्या चेहऱ्याला सांगायची हिंमत झाली नाही.

तिच्या पर्समध्ये एक प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला कागद होता. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळची दप्तरं जपून ठेवली आहेत, तिथून काढलेला उतारा. नाव, बापाचं नाव, वय बावीस, उंची फूट-इंचात, जात 'मराटा', जिल्हा 'रत्नागेरी', गावाचं नाव ज्याने लिहिलं त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. आणि सगळ्यात वर सहा आकडी नंबर. तो तिला पाठ होता. तिने तो मला बोटांवर म्हणून दाखवला, जसे आपण घरचा जुना लँडलाइन नंबर म्हणून दाखवतो. दप्तरात आडनाव नव्हतंच. तिकडे कारकुनासमोर जे सांगितलं ते नाव, आणि पुढच्या पिढीला बापाचं नाव हेच आडनाव. त्यामुळे तिकडच्या मराठी घरांच्या दारावर आपल्याकडे आजोबा-पणजोबांना असायची तशी एकेरी नावं दिसतात, रामजी, रघू, बापू. सावंत, शिंदे, गुरव, तांबे सगळे त्या टेबलाशी गळून पडले. रत्नागिरी जिल्हा तेव्हा पार खाली वेंगुर्ल्याच्या पलीकडेपर्यंत होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. म्हणजे त्या 'रत्नागेरी'वरून राजापूर की मालवण हेही ठरवता येत नाही. माझं गाव राजापूर तालुक्यातलं. मी उगाच त्या गावाच्या नावात माझ्या गावाची अक्षरं शोधत राहिले. सापडली नाहीत. जरा बरंही वाटलं.

२ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस माणसं घेऊन या बेटावर आलं. तीन महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ ला, तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांनी एक दार बंद व्हायच्या आत दुसरं उघडून ठेवलं होतं, एवढा साधा हिशोब. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख हिंदी माणसं या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, आणि त्यांच्या मानाने थोडी आपल्या मुंबईहून. करार, महिन्याला पाचेक रुपये आणि डाळ-तांदूळ. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. त्याला तिकडे 'डबल कट' म्हणत. मळ्याबाहेर विनाकागद सापडलं तर भटक्या म्हणून तुरुंग. पुढे कागदावर फोटो चिकटवायला लागले, आणि त्याच फोटोंमुळे आज कुणाला पणजीचा चेहरा दिसतो. पाळत ठेवायला काढलेला फोटो, आणि तोच आज देव्हाऱ्यात. यावर काय वाटून घ्यावं ते मला अजून कळलेलं नाही.

घाटाचं जुनं नाव कुली घाट. म्हातारी अजून तेच म्हणते, मुलगी तिला हळूच 'आप्रवासी' म्हणून दुरुस्त करते. बदल का केला ते उघड आहे. कुणाला आपल्या पणजोबाच्या जागेला शिवी चिकटलेली आवडेल? पण 'आप्रवासी' हा शब्द इस्त्री केलेला वाटतो, त्याला घामाचा वास नाही. फिजीकडचे लोक 'गिरमिट' म्हणतात, 'अ‍ॅग्रीमेंट'चं केलेलं. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. मला तर तोच अर्थ तिकडेही जास्त शोभेलसा वाटतो.

त्या पायऱ्यांवर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. दगड ओळखीचा होता. रंगाला काळा, बारीक छिद्रांचा, उन्हात तापलेला, आपल्या घाटावरच्या कुठल्याही जुन्या देवळाच्या पायरीसारखा. माझे वडील भूगोलाचे शिक्षक होते, ते असते तर तिथेच खडूशिवाय तास घेतला असता. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणावरून जाताना हिंदुस्थानच्या पाठीवर लाव्हा ओतला गेला आणि आपला सह्याद्री झाला, तेच ठिकाण पुढे समुद्राखाली धुमसत राहिलं आणि त्यातूनच, फार नंतर, मॉरिशस वर आलं. आज ते शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली आहे. म्हणजे म्हातारीचा पणजोबा रत्नागिरीहून निघाला आणि हजारो मैलांवर पाय टेकला तो त्याच भट्टीतल्या दगडावर. त्याला अर्थात याचं काही नसणार. त्याला सांगितलं असेल ते दगडाखालच्या सोन्याचं. मॉरिशसला आलेल्यांच्या घराघरात हीच गोष्ट आहे, दगड उलटला की खाली सोनं मिळतं असं सांगून नेलं म्हणून. दगड मात्र भरपूर मिळाले. उसाच्या शेतातून वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे ढीग अजून तिथे जागोजाग रचलेले दिसतात, बसच्या खिडकीतून मी ते मोजायला लागले आणि सोडून दिलं.

आमच्या गावच्या घरी पितृपक्षात म्हाळ असायचा. आजी पानं मांडायची तेव्हा शेवटी एक पान जास्तीचं ठेवायची. भात, वरण, वडे, अळूची भाजी, खीर, सगळं त्याच्यावरही. आम्ही पोरं विचारायचो, हे कुणाचं? ती म्हणायची, "असूंदे गो. वाट चुकल्याचं." घरात कुणीतरी, आजोबांच्या आजोबांचा भाऊ की चुलता, गलबतात बसून मुंबईला म्हणून गेला तो परत आला नाही. मेल्याची खबर नाही, म्हणून तिथी नाही. तिथी नाही, म्हणून सर्वपित्रीला त्याची सोय. जमिनीच्या कागदात त्याच्या नावापुढे एकच शब्द होता, 'परागंदा'. लहानपणी मला ते त्याचं आडनावच वाटायचं. तो मॉरिशसला गेला असं मी म्हणत नाही. मुंबईत पटकीने मेला असेल, पलटणीत गेला असेल, कुणाशी तरी घर करून मजेत राहिला असेल. कोकणातून निघालेला माणूस मनिऑर्डर पाठवत राहिला तर तो चाकरमानी, मनिऑर्डर थांबली की परागंदा. शिमग्याला देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा मुंबईला असलेल्यांना सांभाळ म्हणतात, परदेशी असलेल्यांनाही सांभाळ म्हणतात, सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. पण ज्याचा ठावठिकाणाच नाही त्याच्यासाठी गाऱ्हाण्यात ओळ नव्हती. आजीच्या पानावर होती.

ते पान नंतर कुत्रं खायचं. आजी त्याला हाकलत नसे.

मॉरिशसमध्ये चार दिवस मी हे दोन्ही, आजीचं पान आणि तो घाट, जोडायचा प्रयत्न करत होते. तिकडे दहांतले जवळजवळ सात लोक हिंदुस्थानातून आलेल्यांचे वंशज. २ नोव्हेंबरला देशाला सुट्टी, पायऱ्यांवर फुलं, पंतप्रधान, भाषणं. १ फेब्रुवारीलाही सुट्टी, ती गुलामांच्या वंशजांची. त्यांचं ठिकाण ल मोर्नचा डोंगर, पळून गेलेल्या गुलामांनी आसरा घेतला तो. युनेस्कोच्या यादीत आधी २००६ मध्ये घाट आला, दोन वर्षांनी डोंगर. हा क्रम तिकडे काही जणांना बोचतो, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. मराठी लोक तर या पाच लाखांतही थोडे. गणेशचतुर्थीला अख्ख्या बेटाला सुट्टी असते, तिकडचे मराठी मातीचा गणपती डोक्यावरून नदीवर नेतात, आणि आपल्या कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून अजून नाचतात. पाय तेच, ठेका तोच, शब्द मात्र अर्धे घासून गेलेले. घाटावरच्या त्या शिक्षिकेने मला तिच्या वर्गातल्या मुलांचा व्हिडिओ दाखवला. मुलं शब्द न समजता इतकी मनापासून नाचत होती की मी मान वळवली.

२०२३ मध्ये तिकडच्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. आम्हा सगळ्यांना तिथे नेलं, सगळ्यांनी घोषणा दिल्या, मीही दिली, आणि मनापासून दिली. पण बसमध्ये बसल्यावर वाटलं, आपण तिकडे पाठवलं काय, तर महाराज. जे गेले त्यांच्यासाठी इकडे काय उभं केलं? महाराजांच्या मुलखातलाच कुणी बावीस वर्षांचा कुणबी, पाचेक रुपयांसाठी दर्यापार गेला, त्याच्यासाठी त्याने सोडलेल्या किनाऱ्यावर एक फरशीसुद्धा असू नये? कलकत्त्याने हे थोडं तरी केलं आहे. खिदिरपूरला हुगळीच्या काठी, जिथून ही माणसं चढली तिथे, त्यांच्या नावाचा दगड आहे. जवळच सुरिनाम घाटावर पाठीवर बोचकं घेतलेल्या माय-बापाची मूर्ती आहे. असेच मजूर जिथे उतरले त्या दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या पारामारिबोत आहे तिचीच जोड. म्हणजे एक मूर्ती उतरण्याच्या जागी आणि एक चढण्याच्या. म्हातारीला तेच हवं होतं. दोन टोकं.

न्यू जर्सीच्या माझ्या भाच्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे एलिस बेटावर, पूर्वी बोटीने आलेले स्थलांतरित जिथे उतरायचे तिथे, भिंत आहे, पैसे भरले की नाव कोरतात. सात लाखांच्या वर नावं झालीत." त्याच्या शेजाऱ्याने स्वतःच्या वडिलांचं नाव कोरून घेतलं म्हणे. ते आले होते विमानाने, त्या बेटावर पाऊल न टाकता. चालतं, कोणाही स्थलांतरिताचं नाव चालतं. मी नाक मुरडलं. मग आठवलं की आपल्या गावच्या देवळाच्या फरश्यांवरही 'अमुक यांच्या स्मरणार्थ रु. ५०१' आहेच, आणि त्यावरून मी लहानपणी लंगडी खेळले आहे. फुकट काहीच कोरलं जात नाही. परागंदा माणसाची पावती कोण फाडणार, एवढाच प्रश्न.

मुंबईला आल्यावर एका रविवारी सकाळी मी चालायला निघाले. बोरीबंदरवरून कर्नाक बंदर, मशीद बंदर, मग पी. डिमेलो रस्त्याने गोदामांच्या बाजूने. 'बंदर' म्हणून घेणाऱ्या या जागांवर समुद्र कुठेच नाही. ट्रक आहेत, हमाल आहेत, सुक्या मिरच्यांचा ठसका आहे, काथ्या आहे. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आलं, त्याच्या आगेमागे भराव घालून समुद्र पूर्वेकडे ढकलला गेला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला. १८३८ मध्ये मजुरांची वाहतूक बंद केली होती ती १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या दिवसांत माणसं ज्या काठावरून चढली तो काठ आता रस्त्याच्या आत कुठेतरी डांबराखाली झोपला आहे. तिकडे घाटाच्या छाताडावरून मोटारींचा रस्ता काढला तरी उरलेल्या तुकड्याभोवती त्यांनी कुंपण घातलं. इकडे पायऱ्या भरावात गेल्या आणि वर आपण मिरच्या वाळत घातल्या. वाटेत पाट्या पुष्कळ दिसल्या, 'नो पार्किंग'च्या आणि आमदारांच्या वाढदिवसाच्या.

चालत चालत शेवटी पालव्याला पोचले. आमच्या घरात गेटवेला पालवा बंदरच म्हणायचे, वडील तर नेहमीच. इंग्रजांनी त्याचं अपोलो केलं. कमान यायच्या फार आधीपासून तिथे होड्या लागत होत्या, माणसं चढत-उतरत होती. म्हणजे माझं खोटं अगदीच खोटं नव्हतं, असं मनात आलं आणि मला क्षणभर इतका आनंद झाला की मी भेळ घेतली. भेळ संपेपर्यंत तो ओसरला. 'असू शकेल' म्हणणं वेगळं आणि म्हातारीला हात जोडायला लावणं वेगळं.

जानेवारीत शिक्षिकेचा मेसेज आला. फोटो होता. देव्हारा, गणपती, हनुमान, प्लॅस्टिकमधला तो उतारा, आणि त्याच्या शेजारी चौकटीत गेटवे ऑफ इंडिया. रंगीत, कबुतरांसकट. कमानीपुढे जास्वंदीचं फूल. खाली लिहिलं होतं, "आई रोज एक फूल वाहते."

तीन दिवस मी उत्तर लिहीत आणि खोडत होते. चौथ्या दिवशी सगळं लिहिलं. १९२४, पंचम जॉर्ज, मी न विचार करता बोलले, मला माफ करा, तुमच्या आईला कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. पाठवलं आणि फोन उलटा करून ठेवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं, त्याच नीटस अक्षरांत. "ताई, मी इतिहासही शिकविते. मला तेव्हाच माहीत होते. आईला मी सांगितले नाही व सांगणार नाही. ती म्हणते, चढण्याची जागा नसेल तर उतरलेला माणूस कोठून आला? आपणास जमल्यास तेथील पायऱ्यांचे व पाण्याचे थोडे चित्रीकरण पाठवाल काय? कमान नको. ती आमच्याकडे आहे."

म्हणून परवा पुन्हा गेले. संध्याकाळची भरती होती. कमानीकडे पाठ करून, लाँचा सुटतात त्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिले. दगड हिरवे, शेवाळलेले, खालच्या पायऱ्या पाण्यात जात येत होत्या. डिझेलचा वास, तरंगती बाटली, एक झेंडूचं फूल, गढूळ पाणी. फोन खाली धरून मी पाणी टिपत होते. चपला कधी काढल्या आठवत नाही, पण पायाला ओलं लागत होतं. लाँचवरचा पोऱ्या दोर हातात धरून ओरडला, "ओ मावशी, मांडवा की एलिफंटा?"

"कुठंच नाही," मी म्हणाले.

"मग बाजूला व्हा ना. माणसं चढतायत."